‘लंबाडा’ची लबाडी : एका सुरावटीचा माग

१९८९ च्या जुलै महिन्यात फ्रान्स आपल्या राज्यक्रांतीची द्विशताब्दी साजरी करीत होता. त्याच सुमारास तेथील दूरचित्रवाणीवर एक गाणे वारंवार दिसू लागले. समुद्रकिनारा, गिरकीबरोबर फुलणारे आखूड घागरे, एकमेकांना बिलगून नाचणारी जोडपी, आणि एकदा कानावर पडली की दिवसभर डोक्यातून न जाणारी ॲकॉर्डियनच्या जातीच्या वाद्यावरची सुरावट. गटाचे नाव काओमा, गाण्याचे नाव ‘लंबाडा’. फ्रान्सच्या विक्रीयादीत ते १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या एका वर्षात जगभर त्याच्या सुमारे ५० लाख प्रती खपल्या.

तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा असेल. तरीही ही चाल तुम्ही ऐकलेली आहे. १९९० च्या ‘घायल’ चित्रपटातील ‘सोचना क्या’ हे गाणे आठवा, किंवा जेनिफर लोपेझचे २०११ मधील ‘ऑन द फ्लोअर’. दोन्हींत तीच सुरावट आहे.

आजच्या धाग्यातील प्रश्न साधा आहे : ही सुरावट कोणाची?

काओमाच्या तबकडीवर या प्रश्नाचे उत्तर छापलेले होते. रचनाकार म्हणून तेथे ‘शिको दे ओलिव्हेरा’ असे नाव होते. अस्सल ब्राझिली वाटणारे, म्हणजे आपल्याकडे ‘विजय पाटील’ म्हणावे इतके सर्वसाधारण. अडचण एवढीच, की या नावाचा कोणीही संगीतकार या गाण्यामागे नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार नवा नाही. अव्वल इंग्रजीत इनाम कमिशनसमोर सनदांचे ढीग आले तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना प्रत्येक कागद, शिक्का आणि हस्ताक्षर तपासावे लागले होते. ध्वनिमुद्रिकेचे लेबल हीही एक सनदच असते. ‘या सुरांचे उत्पन्न अमक्याकडे जावे’ असे ते सांगते. म्हणून तीही तपासूनच घ्यावी लागते.

पुढे जाण्यापूर्वी शब्दाविषयी दोन ओळी. आपल्याकडील लमाण किंवा लंबाडी समाजाशी या नावाचा काही संबंध नाही आणि मराठीतील ‘लबाड’शी असलेली त्याची जवळीक हा निव्वळ योगायोग आहे (या धाग्याच्या शीर्षकाला तो सोयीचा ठरला, हे खरे). ‘लंबाडा’ हा पोर्तुगीज शब्द. पगार, चावी, बटाटा हे शब्द ज्या भाषेने आपल्याला दिले तीच ही भाषा. तिच्या शब्दकोशात ‘लंबाडा’ म्हणजे चाबकाचा किंवा काठीचा सणसणीत तडाखा. हा अर्थ लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटेल.

आता आठ वर्षे मागे आणि एका वेगळ्याच देशात जाऊ. बोलिव्हियाला समुद्रकिनारा नाही. अँडीज पर्वतरांगांत वसलेल्या या देशात कोचाबांबा नावाचे खोरे आहे आणि तेथे कापिनोता हे गाव. तेथील एर्मोसा बंधूंनी १९६० च्या दशकात ‘लोस क्यार्कास’ हा गट सुरू केला. सत्तरीच्या दशकात त्याची पुनर्बांधणी झाली आणि गोन्सालो, उलिसेस, एल्मेर हे भाऊ त्याचा कणा बनले. १९८१ मध्ये या गटाने ‘योरांदो से फुए’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. शीर्षकाचा अर्थ, ‘रडत रडत ती निघून गेली’. रचना गोन्सालो आणि उलिसेस यांची. भाषा स्पॅनिश, विषय विरह.

हे मूळ गाणे पहिल्यांदा ऐकताना ‘लंबाडा’ ऐकलेला माणूस थबकतो. सुरावट तीच आहे, पण मादकतेचा मागमूस नाही. ॲकॉर्डियनच्या जागी सांपोन्या आहे, म्हणजे कमीअधिक लांबीच्या वेळूच्या नळ्या शेजारी शेजारी बांधून केलेले, फुंकून वाजवायचे वाद्य. तिच्या जोडीला चारांगो ही छोटी तंतुवाद्याची जात आणि बोंबो हा ढोल. फुंकरीतला श्वास ऐकू येतो. त्या श्वासामुळेच असेल, पण हे गाणे नाचण्यापेक्षा हुंदक्याच्या अधिक जवळचे वाटते.

सांपोन्याविषयी थोडे विषयांतर करतो, कारण ते मला टाळवत नाही. अँडीजच्या खेड्यांत हे वाद्य परंपरेने एकटा माणूस वाजवीत नाही. स्वरसप्तक दोन वाद्यांत वाटलेले असते : काही स्वर एकाकडे, उरलेले दुसऱ्याकडे. एक जण फुंकतो, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. एकही सुरावट एकट्याच्या हातात पूर्ण होत नाही. ज्या वाद्याची रचनाच अशी सामायिक, त्याच्यावरच्या सुरावटीवर पुढे मालकीचा खटला उभा राहावा, हा इतिहासाचा एक तिरकस विनोद आहे.

मात्र येथे एक गल्लत होऊ देऊ नका. ‘योरांदो से फुए’ हे लोकगीत नव्हते. साठीच्या दशकात ला पाझसारख्या शहरांत ‘पेन्या’ नावाच्या संगीतबैठका सुरू झाल्या आणि शहरी तरुण खेड्यातली वाद्ये हाती घेऊन नव्या रचना करू लागले. क्यार्कास हे त्या लाटेचे अपत्य. वाद्ये जुनी, बाज जुना, पण गीत आणि चाल नवी. ज्यांनी ती बांधली ती माणसे नाव-गावासह हयात होती. आपल्याकडे एखाद्या कवीने ओवीच्या छंदात नवी कविता लिहिली, तर ती जात्यावरची ओवी ठरत नाही. इथेही तसेच.

गाणे बोलिव्हियात राहिले नाही. १९८४ मध्ये शेजारच्या पेरूमध्ये ‘कुआर्तेतो कोन्तिनेन्ताल’ या गटाने ते गायले. निर्माता आल्बेर्तो मारावी, कंपनी इन्फोपेसा. पेरूतील पहाडी लोक कामाच्या शोधात लिमा शहरात उतरले होते आणि त्यांच्यासोबत पहाडी चाली कोलंबियाच्या ‘कुंबिया’ या नृत्यतालात मिसळत होत्या. या गटाने सांपोन्या काढून टाकली, तिच्या जागी ॲकॉर्डियन आणले आणि लय वाढवली. ‘लंबाडा’चे जे रूप जगाला ठाऊक आहे त्याचा सांगाडा येथे तयार झाला. माझ्या मते या कथेतील सर्वांत उपेक्षित दुवा हाच. चाल एर्मोसा बंधूंची खरी, पण तिला नाचायला लावले ते लिमाने.

१९८६ मध्ये ब्राझिली गायिका मार्सिया फेरेइरा हिने जोझे आरी याच्यासह या गाण्याचे पोर्तुगीज रूपांतर केले : ‘शोरांदो से फोइ’. हे रूपांतर रीतसर परवानगीने झालेले होते. म्हणजे १९८६ पर्यंत कागद स्वच्छ आहेत. मूळ रचनाकार कोण, भाषांतर कोणाचे, सगळे नोंदलेले.

आता या गाण्याला ज्या नृत्याचे नाव चिकटले त्याच्याकडे वळू. ते वेगळ्याच दिशेने येत होते.

ब्राझीलच्या उत्तरेला, ॲमेझॉनच्या मुखाजवळ, पारा हे राज्य आणि बेलें हे त्याचे बंदर. तेथले जुने नृत्य ‘कारिंबो’, पोकळ ओंडक्यावर कातडे ताणून केलेल्या ढोलावरचे. बेलें भूगोलाने रिओ दि जानेरोपेक्षा कॅरिबियन बेटांना जवळचे. तेथील रेडिओवर कॅरिबियन केंद्रे लागत, खलाशी आपल्याबरोबर मेरेंगे आणि कुंबियाच्या तबकड्या आणीत. या सगळ्याच्या मिश्रणातून सत्तरीच्या दशकात एक नवा बाज घडला. पिंदुका या गायकाच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेवर ‘लंबाडा’ हा शब्द आढळतो. १९७८ मध्ये मेस्त्रे व्हिएरा या गिटारवादकाची ‘लंबाडा’च्या नावाने संपूर्ण तबकडी निघाली. पुढे हा नाच किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत ऐंशीच्या दशकात बाहिया राज्यातील पोर्तो सेगुरो या पर्यटनस्थळी पोहोचला.

पोर्तो सेगुरो हे नाव इतिहासाच्या वाचकांनी ऐकलेले असेल. २२ एप्रिल १५०० रोजी पेद्रो आल्व्हारिस काब्राल याच्या आरमाराला ब्राझीलची भूमी प्रथम दिसली ती याच परिसरात. किनाऱ्यावर क्रूस उभारून, ही भूमी पोर्तुगालच्या राजाची झाली असे जाहीर करून, काब्राल पुढे आपल्या मूळ मुक्कामी, म्हणजे आपल्या कालिकतला निघून गेला. तेथे आधीपासून राहणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. १९८८ मध्ये याच किनाऱ्यावर दोन फ्रेंच निर्माते येऊन उतरले, ज्याँ काराकोस आणि ओलिव्हिए लोरसाक. तुलना थोडी ताणलेली आहे, मान्य. पण पुढे काय झाले ते पाहा.

काराकोस हा मुरलेला माणूस होता. साठीच्या दशकात त्याने बीवायजी ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली होती, नंतर सेल्युलॉइड. आफ्रिकी आणि अमेरिकी संगीतातील पुढच्या लाटेचा वास त्याला लवकर येई. पोर्तो सेगुरोच्या नृत्यशाळा पाहून दोघांच्या लक्षात आले, की युरोपच्या पुढच्या उन्हाळ्याचे गाणे येथे आहे. त्यांनी लंबाडाच्या शेकडो गाण्यांचे हक्क घेतले. विरोधाभास पाहा : इतक्या गाण्यांचे हक्क खरेदी करणाऱ्यांनी ज्या एका गाण्यावर सगळा डाव लावला, ते मात्र खऱ्या धन्यांकडून घेतले नाही.

पॅरिसला परतल्यावर गट उभा केला गेला. त्यातील अनेक वादक सेनेगलच्या ‘तुरे कुंदा’ या गटाबरोबर वाजवणारे. गायिका लोआल्वा ब्राझ, जन्माने रिओची, त्या वेळी पॅरिसमध्ये स्थायिक. शब्द मार्सिया फेरेइराच्या रूपांतरातले, वाद्यरचनेचा आराखडा लिमातल्या ॲकॉर्डियनचा, सुरावट कोचाबांबाची, नाव बेलेंचे, चित्रीकरण बाहियाच्या किनाऱ्यावरचे. दोनच वर्षांपूर्वी खासगी झालेली टीएफ-१ ही वाहिनी प्रसारासाठी भागीदार, आणि ओरांजिना हे शीतपेय प्रायोजक. एखादे गाणे ‘उन्हाळ्याचे गाणे’ म्हणून आधीच ठरवून, वाहिनीच्या जोरावर घरोघरी पोहोचवण्याचा हा प्रयोग फ्रान्समध्ये इतका यशस्वी ठरला, की पुढची अनेक वर्षे त्याची नक्कल होत राहिली.

आणि रचनाकार? शिको दे ओलिव्हेरा. हे ओलिव्हिए लोरसाक याचे टोपणनाव होते.

टोपणनावात मुळात वाईट काही नाही. मराठी साहित्याचा निम्मा इतिहास टोपणनावांचा आहे. पण कुसुमाग्रज किंवा गोविंदाग्रज या नावांमागे स्वतःचेच लेखन होते. इथले टोपणनाव दुहेरी काम करीत होते. पहिले, रचनाकाराच्या वाट्याचे उत्पन्न ते लोरसाककडे वळवीत होते. दुसरे काम अधिक सूक्ष्म. ब्राझिली नावामुळे गाणे ‘तिकडचे’, मातीतले आणि म्हणून अस्सल वाटत होते. फ्रेंच श्रोत्याला शंका येण्याचे कारणच उरले नाही. खोटी सनद करणारा जसा जुना कागद आणि जुनी शाई वापरतो, तसेच हे.

लॅटिन अमेरिकेतल्या श्रोत्यांना मात्र क्षणभरही फसवता येणार नव्हते. बोलिव्हियात ‘योरांदो से फुए’ सर्वांच्या ओठी होते. पोर्तुगीज शब्द स्पॅनिश शब्दांशी ओळीओळीने जुळत होते. एर्मोसा बंधूंच्या बाजूने ईएमआय ही प्रकाशक कंपनी उभी राहिली, कारण गाण्याचे प्रकाशनहक्क तिच्याकडे होते. मार्सिया फेरेइरानेही आपल्या शब्दांवर दावा सांगितला. अखेर गोन्सालो आणि उलिसेस एर्मोसा हेच रचनाकार असल्याचे मान्य झाले आणि त्यांना भरपाई द्यावी लागली. माझे प्रांजळ मत असे, की बाजूला बहुराष्ट्रीय कंपनी नसती तर केवळ न्याय्य बाजू असल्याने हा वाद इतक्या लवकर सुटला नसता. हक्क असणे एक आणि पॅरिसमध्ये तो बजावता येणे वेगळे.

तोवर गाणे जगभर पोहोचले होते. अमेरिकेत तर एक प्रहसनच घडले. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे चुलतभाऊ, कॅनन या चित्रपटसंस्थेचे एकेकाळचे भागीदार, नुकतेच भांडून वेगळे झाले होते. दोघांनीही लंबाडावर घाईघाईने एकेक चित्रपट काढला आणि १६ मार्च १९९० या एकाच दिवशी ‘लंबाडा’ आणि ‘द फॉरबिडन डान्स’ असे दोन्ही चित्रपट झळकले. दोन्ही पडले. दुसऱ्याच्या नावातून मात्र ‘बंदी घातलेले नृत्य’ ही जाहिरातीतली आख्यायिका घट्ट झाली. ब्राझीलच्या सरकारने १९३० च्या दशकात लंबाडावर बंदी आणल्याचे आजही अनेक ठिकाणी छातीठोकपणे लिहिलेले सापडते. ज्या नृत्याला सत्तरीच्या दशकात हे नाव मिळाले, त्यावर चाळीस वर्षे आधी बंदी कशी येईल, एवढे साधे कालगणित कोणी मांडत नाही.

मुंबईलाही उशीर झाला नाही. राजकुमार संतोषी यांचा ‘घायल’ १९९० च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला. संगीतकार बप्पी लाहिरी. ‘सोचना क्या’ या गाण्यात आशा भोसले, कुमार सानू आणि शब्बीर कुमार यांचे स्वर आहेत. अशा रीतीने कापिनोताच्या भावंडांनी विरहासाठी बांधलेली सुरावट सांगलीत जन्मलेल्या आशाताईंच्या कंठात आली, आणि तीही जे होईल ते पाहू अशा बेफिकिरीच्या भावात. श्रेय अर्थातच बप्पीदांचे. पॅरिसची सनद निदान तपासली तरी गेली; मुंबईची कोणी तपासायलाही आले नाही. त्या काळच्या हिंदी चित्रपटसंगीतात परदेशी चालींची अशी ‘प्रेरणा’ इतकी नित्याची होती, की तिला चोरी म्हणणेच अरसिकपणाचे मानले जाई. आपण पॅरिसवर रागावतो तेव्हा हेही स्मरणात असू द्यावे.

येथवरची कथा बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचली असेल : गरीब देशातील भाऊ, श्रीमंत देशातील चोर, शेवटी न्याय. मला या कथेचा खालचा थर अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९६८ मध्ये बोलिव्हियाच्या लष्करी राजवटीने एक हुकूम काढला. ज्यांचे रचनाकार अज्ञात आहेत ते लोकसंगीत राज्याच्या मालकीचे, असा त्याचा आशय. १९७३ मध्ये, ऊगो बान्सेर या हुकूमशहाच्या काळात, त्याच देशाच्या परराष्ट्रमंत्रालयाने युनेस्कोला पत्र लिहिले : आमच्या लोकसंगीताचा आणि नृत्यांचा परकीय व्यापार होत आहे, त्यांना आंतरराष्ट्रीय संरक्षण हवे. अँडीजच्या सुरावटी त्या काळात पाश्चात्त्य बाजारात लोकप्रिय होत होत्या. १९७० मध्ये सायमन आणि गारफंकल या अमेरिकी जोडीने गाजवलेली ‘एल कोंदोर पासा’ची चाल पारंपरिक समजली गेली होती, प्रत्यक्षात ती पेरूच्या दानिएल आलोमिया रोब्लेस याने १९१३ मध्ये एका संगीतनाट्यासाठी रचलेली होती. त्या पत्रापासून सुरू झालेली चर्चा वर्षानुवर्षे रेंगाळली आणि अखेर युनेस्कोने पारंपरिक संस्कृती व लोककलांच्या जतनासंबंधी शिफारस संमत केली ती नोव्हेंबर १९८९ मध्ये. काओमाचे गाणे तेव्हा युरोपभर वाजत होते.

या तारखांचा मेळ गमतीदार आहे, पण त्यामागे एक गंभीर गोष्ट आहे. ‘लोक’ या शब्दाने दोन उलट कामे केली. पॅरिसच्या बाजारात ‘लोकसंगीत’ म्हणजे कोणाचेच नाही, म्हणून कोणीही उचलावे असे. ला पाझच्या सत्ताधाऱ्यांच्या हुकुमात ‘लोकसंगीत’ म्हणजे राज्याचे. ज्या खेड्यातील माणसांनी ते प्रत्यक्ष वाजवले त्यांच्या हाती दोन्हीकडून काही आले नाही. एर्मोसा बंधू जिंकले, कारण आपले गाणे ‘लोक’ नाही, ते दोन नामधारी व्यक्तींचे आहे, हे ते सिद्ध करू शकले.

पण त्या गाण्याचा ताल? तो तरी त्यांचा होता का?

येथे सोळाव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. १५४५ मध्ये बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला आणि स्पॅनिश सत्तेने तेथे आफ्रिकेतून गुलाम आणले. पुढे त्यांच्या वंशजांपैकी बरेच जण युंगास या उष्ण खोऱ्यातील कोकाच्या मळ्यांवर राबले. गुलामगिरी प्रत्यक्षात संपली १८५१ मध्ये, आणि मळेवाल्यांची वेठ सुटायला १९५३ ची जमीनसुधारणा यावी लागली. या आफ्रो-बोलिव्हियन समाजाने ढोल आणि सवाल-जवाबाच्या गायनाची जी परंपरा जपली तिचे नाव ‘साया’.

शहरांतील उत्सवांत या लोकांची नक्कल करणारी नृत्ये फार पूर्वीपासून होती. गोरे आणि मिश्रवंशीय नर्तक तोंडाला काळे फासून ती नाचत. १९६९ च्या सुमारास ला पाझमधील एस्त्रादा पाचेको भावंडांनी त्याच धाटणीतून ‘कापोरालेस’ हे भपकेदार नृत्य घडवले. ‘कापोराल’ म्हणजे गुलामांवरचा मुकादम. नर्तकाच्या बुटांना घुंगरे, हातात चाबूक. या नृत्याच्या चालीला शहरी गट ‘साया’ म्हणू लागले, आणि क्यार्कास यांच्यामुळे हा बाज देशभर गाजला. ‘योरांदो से फुए’ही याच कुळातले.

ही नक्कल आणि हे नाव आफ्रो-बोलिव्हियनांना मान्य नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, म्हणजे नेमके ‘योरांदो से फुए’ गाजत असताना, युंगासमधील कोरोइको गावच्या तरुणांनी विसरत चाललेली आपली साया पुन्हा उभी केली. या गटांचे म्हणणे स्पष्ट होते : तुम्ही वाजवता ती साया नाही, आमचे नाव आम्हाला परत द्या. ही मागणी रॉयल्टीची नव्हती, ओळखीची होती. जनगणनेत आपल्यासाठी रकानाही नसलेल्या समाजाने ढोलाच्या साहाय्याने आपण आहोत हे सांगितले. २००९ च्या बोलिव्हियन राज्यघटनेत आफ्रो-बोलिव्हियन लोकांचा स्वतंत्र उल्लेख आला. २०१२ च्या जनगणनेत सुमारे २३ हजार लोकांनी आपली ओळख तशी नोंदवली.

शब्दकोशातला तो तडाखा आता आठवा. मूळ गाण्याचा ताल ज्या नृत्याशी निगडित, त्याचा नायक चाबूकधारी मुकादम. आणि त्याच गाण्याला दुसऱ्या देशातून जे नाव चिकटले त्याचा अर्थ चाबकाचा फटका. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव नाही, तसा दावाही मी करणार नाही. पण ज्या खंडात हे दोन्ही घडले तेथे चाबूक हा शब्द सहजी विसरला जात नसावा.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये बोलिव्हियाने नवा स्वामित्वहक्क कायदा केला. त्याच वर्षी उलिसेस एर्मोसाचे निधन झाले. २०११ मध्ये ‘ऑन द फ्लोअर’ आले तेव्हा रचनाकारांच्या यादीत गोन्सालो आणि उलिसेस एर्मोसा ही दोन्ही नावे रीतसर होती. लोआल्वा ब्राझचा मात्र जानेवारी २०१७ मध्ये ब्राझीलमधील साकारेमा येथे दरोडेखोरांनी खून केला. जिचा आवाज निम्म्या जगाने ऐकला तिचे नाव त्या दिवशीच्या बातमीतून अनेकांना प्रथमच कळले.

ज्यांना हा माग स्वतः काढायचा आहे त्यांनी या क्रमाने ऐकावे. आधी क्यार्कास, १९८१ : पहिल्या काही क्षणांतील वेळूच्या नळ्यांकडे लक्ष द्या. मग कुआर्तेतो कोन्तिनेन्ताल, १९८४ : नळ्यांच्या जागी ॲकॉर्डियन येते आणि लय कशी उचलली जाते ते पाहा. मग मार्सिया फेरेइरा, १९८६. त्यानंतरच काओमा, तोवर त्यात नवीन असे फारसे काही ऐकू येणार नाही. ‘घायल’ त्यानंतर, हवे असल्यास. आणि सर्वांत शेवटी युंगासमधील एखाद्या गटाची साया शोधा. तिच्यात ही सुरावट नाही. लहान-मोठे ढोल आहेत, वेळूच्या खाचांवर काठी घासून काढलेला खरखरीत आवाज आहे, एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात, आणि या सगळ्याच्या पुढे चालणाऱ्या माणसाच्या पायांत घुंगरे वाजत असतात.